धनश्रीबाईंचा पूल

धनश्रीबाई आमच्या पुढच्या खोलीत भाड्यानं राहतात. सातवीला गणित शिकवतात. मी दुसरीतून शाळा सोडलेली, तरी अपूर्णांकाचा गेम त्यांनी पहिल्यांदा माझ्यावरच करून बघितला. टॅबवर ओढा असतो, त्यावर नेमक्या मापाची फळी टाकून पूल करायचा. पाऊण पाहिजे तिथं अर्धी टाकली की बैलगाडी पाण्यात. माझे बैल चारदा बुडाले. बाई हसल्या नाहीत, एवढे त्यांचे उपकार.

पण गावात बोभाटा झाला, बाई पोरांना नुसतं खेळवतात. सोमवारी शाळा समितीचे अध्यक्ष काकासाहेब वर्गात येऊन बसले. पोरांच्या घरच्यांनाही बोलावलं होतं. घोडेगावच्या बाजारात म्हशीचे दात बघावेत तसे काकासाहेब टॅबकडं बघत होते.

"पोरांना फळ्यावर गणित आलं तर ठीक, न्हाईतर टॅब कपाटात. आन् बाई, तुमी मधी बोलायचं न्हाई."

त्यांनी नेमकी माझी नात मोनिका उठवली. "विहिरीत माझा सहा आणे हिस्सा. त्याचा तिसरा भाग भावाला दिला. सगळ्या विहिरीचा कितवा भाग गेला?"

पोरीनं रुपयाचे शंभर पैसे धरले आणि सहा छेद शंभर लिहून बसली.

"बघा! ह्यो तुमचा गेम," काकासाहेब म्हणाले.

बाईंच्या ओठांवर उत्तर आलेलं मला दिसत होतं. पदर मुठीत असा आवळला की बोटं पांढरी पडली, पण तोंड उघडलं नाही. माझीच जीभ वळवळायला लागली होती.

मोनिका काकासाहेबांकडं वळली. "आजोबा, गेममधी आधी आख्खी फळी दिसती. तुमची आख्खी विहीर किती आण्यांची?"

"सोळा."

तिनं शंभर पुसले. लांब फळी काढून सोळा घरं पाडली, सहा रंगवली, त्यांतली दोन वेगळी केली. "दोन छेद सोळा. म्हंजे आठवा भाग."

काकासाहेबांनी बोटांच्या पेरांवर मोजून बघितलं. "एकीला आलं. बाकीचे?"

मग एकेक करून सगळा वर्ग उठला. प्रत्येकाला निराळा हिस्सा. दोन तास बाई उभ्याच. एकतीसपैकी सव्वीस जणांना आलं.

"आन् हे पाच?"

"त्यांच्यासाठीच टॅब पाहिजेत, काकासाहेब," बाई आता पहिल्यांदा बोलल्या. "कपाटात गेले तर हे पाच तिथंच राहतील."

काकासाहेब टोपी नीट करत उठले. "दिवाळीपतोर ऱ्हाऊ द्या. तवा ह्या पाचांनाच इचारीन."

बाई घरी आल्या. मी चहा ठेवला, तो निवून गेला. त्या पाच जणांची नावं कागदावर लिहीत बसल्या होत्या.