दोन-दोनवर थांबलेला सामना

कॉम्प्युटरचा डबा उघडण्याआधी सर खिडकीच्या गजाला तळहात लावायचे. पाचही बोटं टेकवून क्षणभर उभे राहायचे आणि मग स्क्रू-ड्रायव्हर उचलायचे. नव्या बॅचच्या पोरांना वाटे, सर मंत्र म्हणतात. कारण अगदी साधं होतं. अंगातली वीज गजात उतरावी, नाहीतर मशीनमधला एखादा नाजूक भाग जळतो. पण तेवढं सांगायलाही ते वेळ घ्यायचे, आणि मी "सर, आटपा ना, बॅच बसलीय" म्हटलं की उत्तर ठरलेलं असायचं, "घाई कुनाला हाय?"

घाई मला होती. मला ती कायमच असते. पोळी फुगायच्या आत उलटणारी बाई मी. संगमनेरला बसस्टँडच्या मागे, सायकलच्या दुकानावरच्या मजल्यावर आमचा कॉम्प्युटर क्लास होता. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि कॉम्प्युटर शिकल्याशिवाय पोरीचं लग्न जमत नाही इथपर्यंत गोष्टी आल्या होत्या. मी आणि सुजाता नावाची माझी मैत्रीण टायपिंग आणि ऑफिसचा कोर्स शिकवायचो. सर हार्डवेअर शिकवायचे. वय पस्तिशीचं, कॉलरचं बटण गळ्यापर्यंत लावलेलं, आणि डब्यात रोज भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. उघडलेल्या मशीनचे स्क्रू ते अंड्यांच्या पुठ्ठ्यात एकेका खळग्यात ठेवायचे, ज्या क्रमानं काढले त्याच क्रमानं. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्या शेजारी काम करणाऱ्याला वाटतं की आपण उगाचच धावतोय, आणि त्याचाच राग येतो.

सर मूळचे जामखेडच्या बाजूचे. आईवडील दर हंगामाला ऊसतोडीला आमच्याकडे येत, आणि पाचटाच्या कोपीत, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्याच्या झोपडीत, सरांची निम्मी शाळा बुडाली. त्याच टोळीत अशोक होता. दोघं एकाच वयाचे. पाचटाचा गोळा सुतळीनं आवळून ते उसाच्या रिकाम्या फडात फुटबॉल खेळायचे. "पायाला धसकटं लागायची," सर सांगायचे. "पर अशोक डावीकडनं असा पळायचा, की त्याला धसकटं दिसायचीच न्हाईत."

पुढे अशोक शिर्डीच्या एका लॉजवर कामाला लागला. तिथल्या मालकाच्या पोराकडे टीव्ही गेम होता आणि त्यात फुटबॉलची कॅसेट. सर भेटायला गेले की दुपारच्या रिकाम्या वेळात दोघं तीच कॅसेट खेळत. मैदान हिरवंगार, माणसं बोटाएवढी, सगळ्यांचे चेहरे सारखे. दहा वर्षांनी तो टीव्ही गेम कुठल्या अडगळीत गेला कुणास ठाऊक, पण कॅसेटमधला खेळ कॉम्प्युटरवर चालवणारा एक प्रोग्राम निघाला. त्याला इम्युलेटर म्हणत. पुण्याहून कुणीतरी सरांना त्याची सीडी दिली. तोवर अशोकनं जामखेडला एसटीडी बूथ टाकला होता आणि टायपिंगच्या कामासाठी एक कॉम्प्युटर घेतला होता. दोन्हीकडे मोडेम लावला की फोनच्या तारेवरून दोन मशीनं जोडली जात आणि इथला माणूस तिथल्या माणसाशी तो खेळ खेळू शके. आज यात कुणाला काही वाटणार नाही. तेव्हा मी सुजाताला हाक मारून दाखवलं होतं.

रविवारी दुपारी माझी एक जादा बॅच असे, म्हणून मी हे बघितलं. आधी अशोकचा फोन यायचा. मी उचलला तर म्हणायचा, "मॅडम, आमच्या सरास्नी म्हनावं, बूट घालून या." मग फोन ठेवायचा, मोडेम चिरकायचा, आणि खेळ सुरू. लाइन तारेवरच्या खेळात गुंतलेली, त्यामुळे खेळताना दोघांना बोलता येत नसे. इथून मारलेली किक पलीकडे अर्ध्या श्वासानं उशिरा पोचायची. सरांना त्यातूनही सगळं कळायचं. "आज उजवीकडनं खेळतोय, कुनाशी तरी भांडलाय." नाहीतर, "डावीकडनं निगाला बगा. बरा हाय आज." अशोकला मी कधी पाहिलं नाही. माझ्यासाठी तो लाल कपड्यांतली ती अकरा माणसं होता.

अशोकच्या काळजाची झडप लहानपणापासून खराब होती. त्या वर्षी त्याला जिना चढवेना. पुण्याला ऑपरेशन ठरलं. जायच्या आधीच्या रविवारी ते खेळायला बसले. सामना दोन-दोनवर होता, पडद्यावरच्या घड्याळात ऐंशीवं मिनिट. चेंडू अशोकच्या पायात होता, डावीकडे, गोलपासून हाकेच्या अंतरावर. आणि अशोकचा माणूस उभाच राहिला. सरांनी खेळ थोपवला आणि वाट पाहिली. लाइन तुटली. मग फोन वाजला. सर नुसतं ऐकत होते. "बरं," ते म्हणाले. "बरं गड्या. ठिवतो हितंच. न्हाई लावत हात." फोन ठेवून त्यांनी सामना होता तसा मशीनमध्ये सेव्ह केला. मी विचारलं, "काय झालं?" म्हणाले, "दमला."

ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी अशोक गेला.

सर जामखेडला गेले ते दहा-बारा दिवसांनी परत आले. शिकवणं तसंच, गजाला हात तसाच. पण रविवारी दुपारी ते कोपऱ्यातल्या मशीनवर बसून तो सामना उघडायचे. थोपवलेलाच. लाल माणूस चेंडू पायात घेऊन उभा, समोर सरांची पांढरी माणसं पाय उचललेल्या अवस्थेत. अर्धा तास बघायचे आणि बंद करायचे. पोरांमध्ये बोलवा झाली की त्या मशीनवर पलीकडून कुणीतरी बसतं. एक पोरगी तर त्या खुर्चीवर बसायलाच तयार होईना. मी तिला झापलं, पण खरं सांगते, रविवारी बॅच सुटल्यावर त्या कोपऱ्याला पाठ करून वही लिहायची मलाही भीती वाटायची. तो लाल माणूस इतका वाट बघत उभा असायचा.

एकदा मी म्हटलं, "सर, पुढे खेळून टाका ना. किती दिवस असं?"

"पुढं कसं खेळू?" ते म्हणाले. "सुरू केलं की माजीच मानसं त्याच्या अंगावर धावून जात्यात, मॅडम. मशीनच पळवतं त्यास्नी. तो हुबा, आन हे चेंडू काढून घेत्यात. मला थांबवता येत न्हाई."

पावसाळा आला तरी हे संपेना. सरांच्या भाकरीचा डबा आता उघडल्याशिवायच घरी जाऊ लागला. मला त्यांची काळजी वाटत होती, आणि त्यात माझी घाईही होतीच, हे मी लपवत नाही. दुःखाचंही काम कसं वेळेत उरकलं पाहिजे, अशी माझी समजूत. एका बुधवारी सकाळी सर मशीनचे भाग आणायला नाशिकला गेले होते. मी सुजाताला म्हटलं, "चल, बघू तरी तो सामना कसा संपतो ते. संपला की यात काही नाही हे त्यांना सांगता येईल." एकाच कीबोर्डवर दोघी बसलो. ती सरांच्या बाजूनं, मी अशोकच्या. सुजाताला त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. मी मात्र इतके रविवार बघितलेले. लाल माणूस घेऊन डावीकडून निघाले, दोघांना चुकवलं आणि गोल. आम्ही टाळ्या दिल्या. वेळ संपली, पडद्यावर तीन-दोन आलं. अशोक जिंकला होता.

आणि माझ्या बोटांनी सेव्ह केलं.

विचार करून नव्हे. प्रत्येक बॅचला पहिल्या दिवशी मी जे घोकून घ्यायची, "आधी सेव्ह, मग बाकीचं जग," ते माझ्याच हातात मुरलं होतं. दोन-दोनवर थांबलेल्या सामन्यावर तीन-दोनचा सामना बसला, आणि जुना पुसला गेला. सुजाताच्या लक्षातही आलं नाही. माझ्या आलं. चार दिवस मी सरांना सांगितलं नाही.

रविवारी त्यांनी मशीन लावलं. मी फळ्याजवळ उभी होते. पडद्यावर तीन-दोन आलं.

"कुनी खेळलं?"

"मी."

"अशोककडनं?"

"हो."

"डावीकडनं गेलता का?"

मी मान हलवली. त्यांनी मला तो गोल सांगायला लावला. कुणाला कुठे चुकवलं, कुठून मारला, सगळं. मग त्यांनी कपाटातून एक फ्लॉपी काढली. त्यांनी तिच्यात थांबलेल्या सामन्याची नक्कल करून ठेवली होती. माझा जीव भांड्यात पडला. फ्लॉपी आत घातली तशी ती करकरायला लागली. पावसाळ्यात फ्लॉपीला बुरशी धरायची, हे आम्हीच पोरांना शिकवत होतो. त्यांनी ती काढून पुसली, परत घातली. पाच वेळा. दुसऱ्या मशीनवर, तिसऱ्या मशीनवर. एकाही मशीननं ती वाचली नाही.

"सर, मला वाटलं तो जिंकला तर तुम्हाला बरं वाटेल," मी म्हणाले. मला रडू आलं होतं.

ते रागावले नाहीत. रागावले असते तर आज हे लिहायला मी बसले नसते. खुर्ची माझ्याकडे वळवून ते हळूच म्हणाले, "त्या दिवशी तो दमला न्हवता, मॅडम. मी माजा मानूस त्याच्या वाटंतनं मुद्दाम बाजूला घेतला हुता. म्हनलं, पुन्याला जायच्या आदी एक जिंकू दे. त्याला लगीच कळलं. फोनवर म्हनला, 'गड्या, मला असलं जिंकनं नगं. बरा हून येतो. मंग हितनंच पुढं, खरं खेळ माज्याशी.'"

त्यानं जे नको म्हणून सामना थांबवला होता, तेच मी त्याच्या पदरात घातलं होतं.

"बसा," सर म्हणाले, आणि दुसरी खुर्ची ओढली. "तो सामना तर गेला. नवा लावू. तुमी अशोकच्या बाजूनं बसा. पर खरं खेळा. मी बी खरं खेळनार हाय."

आम्ही खेळलो. सरांना असं खेळताना मी कधी पाहिलं नव्हतं. ते खेळ थोपवत नव्हते, बोलत नव्हते, पडद्यावरून नजर काढत नव्हते. त्यांनी मला श्वास घेऊ दिला नाही. लाल माणसाकडे चेंडू आला की पांढरी माणसं तुटून पडायची, आणि सरांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते त्यांनी पुसलंही नाही. सात गोल मारले त्यांनी. मी एक मारला, अगदी शेवटी, डावीकडून. सात-एक.

"सेव्ह करू?" मी विचारलं.

"नगं," ते म्हणाले, आणि मशीन बंद केलं. त्या दुपारी त्यांनी डबा उघडला आणि अर्धी भाकरी मला दिली.

दिवाळीनंतर सर नोकरी सोडून गेले. अशोकच्या बायकोला बूथ एकटीनं झेपत नव्हता, म्हणून तिला हातभार लावायला जामखेडला गेले, असं क्लासच्या मालकांनी सांगितलं. त्यांनी निरोप घेतला तेव्हा माझी बॅच चालू होती. मी हात वर केला आणि पोरांकडे वळले.

पण तो एक गोल माझ्या डोक्यातून जाईना. शेवटच्या मिनिटाला सरांचा एक माणूस माझ्या वाटेतून किंचित बाजूला झाला होता, असं मला आठवतं. कधी वाटतं, झाला होता. कधी वाटतं, मीच त्याला चुकवलं. जामखेडच्या बूथचा नंबर मला पाठ होता. पुढच्या उन्हाळ्यात एका रविवारी दुपारी मी स्टँडवरच्या फोनवरून तो फिरवला. म्हटलं, एवढंच विचारावं, सर, तो तुम्ही दिलेला होता का?

एका रिंगमध्ये पलीकडून फोन उचलला गेला. माणसाचा आवाज आला नाही. मोडेम चिरकला. पलीकडे कुणीतरी मशीन लावून बसलं होतं आणि ते मशीन माझ्या बाजूच्या मशीनला हाका मारत होतं. माझ्या हातात नुसता फोन होता. मी "सर, सर" म्हणत राहिले. थोड्या वेळानं ते थकून गप्प झालं, आणि लाइन तुटली.

क्लासचा मोडेम कपाटात होता, तो लावला असता तर पलीकडच्या हाकेला उत्तर गेलं असतं. कुलपाची किल्ली माझ्याच पर्समध्ये होती. मी परत क्लासवर गेले नाही.

नंतर बूथ बंद झाला. तो नंबर आता अस्तित्वात नाही, आणि सर कुठे आहेत हे मला माहीत नाही.