कँटीनच्या बाटल्या

आमचे मालक दारू पीत नाहीत, हे मला पटायला त्यांच्या पोटात सुई घालावी लागली. नवऱ्याच्या शब्दावर मी विश्वास ठेवला नाही. ही माझी अक्कल!

मालक फौजेतून सुभेदार होऊन गावी आले. कोरेगावजवळ आमचं गाव, थोडा ऊस, थोडं आलं. महिन्याला ते साताऱ्याच्या मिलिटरी कँटीनमधून साबण, चहापत्ती आणायचे, आणि फौजींना मिळतात त्या दारूच्या बाटल्याही. बाटल्या कपाटावर राहायच्या आणि चार दिवसांत गायब. "कुठं गेल्या?" म्हटलं की, "दिल्या कुणाला तरी." कुणाला, ते काही सांगायचे नाहीत. तोंडाला वास कधी आला नाही, पण मला वाटायचं, बडीशेप चघळून येत असतील. मळ्यातून यायला जरा उशीर झाला की मी सुरू. "पिऊन पडला असाल बांधावर!" ते नुसते हसायचे, आणि मी आणखीनच भडकायचे.

यंदा त्यांच्या पोटात दुखायला लागलं. साताऱ्यात सोनोग्राफी झाली, स्कॅन झाला आणि स्वादुपिंडावर पाण्याची गाठ निघाली. तिथून आम्हाला सांगलीच्या पोटाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी पहिलंच विचारलं, "दारू घेता?"

"न्हाई," मालक म्हणाले.

"आवं, डॉक्टरांफुडं तरी खोटं बोलू नका!" मी मध्येच तोंड घातलं. "महिन्याच्या महिन्याला बाटल्या आणत्यात, डॉक्टर. लय वर्षं झाली."

नर्स होती, शिकाऊ डॉक्टर होते. सगळे मालकांकडे बघायला लागले. त्यांनी मान खाली घातली. मला वाटलं, बरी खोड मोडली.

ते रक्त द्यायला गेले तेव्हा डॉक्टरांनी मला समजावलं. दारूनं स्वादुपिंडाला सूज येऊन अशी गाठ होते. तशी असली तर घाबरायचं कारण नाही, पुष्कळदा ती आपोआप जिरते. पण दारूची नसली तर मात्र दुसरी जात असू शकते. तिच्यातून पुढे कॅन्सर होतो, कधी कधी आत सुरूही झालेला असतो. म्हणून तोंडातून दुर्बीण पोटात सोडायची. तिच्या टोकाला सोनोग्राफी असते. गाठ दिसली की जठरातूनच तिच्यात बारीक सुई घालायची, आतलं पाणी ओढायचं आणि लहानसा तुकडा घ्यायचा. पाणी चिकट निघालं तर त्या दुसऱ्या जातीचा संशय. भूल देणार होते, त्यामुळे दुखणार नव्हतं.

"त्यांना एवढं काही सांगू नका," मी म्हणाले. "काय असंल ते मीच सांगीन."

तपासणीच्या दिवशी माझा धाकटा भाऊ गाडी घेऊन आला. तो कोरेगावातच असतो. मालकांना आत नेलं आणि मी बाकावर बसून गावदेवीचा धावा सुरू केला. आई, माझा नवरा दारुडा असू दे. लपून प्याला असू दे, माझ्याशी खोटं बोलला असू दे, पण ती गाठ दारूचीच निघू दे. असला नवस कुठल्या बाईनं केला असेल?

भावालाही डॉक्टरांचं सगळं सांगितलं आणि म्हटलं, "तूपण देवीला सांग, दाजी पीत असू देत म्हणून."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "आक्का, दाजी थेंबसुदीक घेत न्हाईत. बाटल्या मी नेतो. तुला कळलं तर तू माझं तोंड बघणार न्हाईस, म्हणून मीच त्यांना शपथ घातली हुती."

खरं सांगते, पहिला राग मला भावाचा आला नाही. मालकांचा आला. का नाही प्यालात? एवढं मी बोलत होते, तर एकदा तरी प्यायचं होतं! मग माझीच मला किळस आली. माझ्या भावाची अब्रू झाकायला या माणसानं माझी बोलणी खाल्ली, आणि चारचौघांत मी त्याचीच अब्रू घालवली.

डॉक्टर बाहेर आल्याबरोबर मी त्यांना गाठलं. "मी चुकीचं सांगितलं. हे पीत न्हाईत."

"पाणी चिकट निघालंय," ते हळूच म्हणाले. "रिपोर्ट येऊ दे."

रिपोर्ट आला तेव्हा आम्ही दोघं त्यांच्यासमोर बसलो होतो. भावानं सांगितलेलं मी अजून मालकांना बोलले नव्हते. डॉक्टरांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "ही गाठ दारूची नाही."

मालक ताठ झाले, परेडला उभे राहावेत तसे. त्यांचा चेहरा असा उजळलेला मी लग्नातसुद्धा पाहिला नव्हता. "ऐकलंस?" ते माझ्याकडे वळून म्हणाले. "डॉक्टर, आणिक एकदा सांगा हिला. मोठ्यानं सांगा."

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. पुढचं सांगायचं मी कबूल केलं होतं.