बरडावरची बिनपापण्यांची वस्ती

आमच्या कपाशीच्या वावरात मधोमध बरडाचा एक तुकडा आहे. चारी बाजूंनी काळी माती, मध्ये मुरूम, दगड आणि गुडघाभर कुसळी गवत. त्या गवतात बोटाएवढे सरडे राहतात. अंगावर दोन्ही बाजूंनी सोनेरी रेघा, शेपूट अंगाच्या दुप्पट, आणि डोळ्यांना पापण्याच नाहीत.

नवी नवरी असताना मी त्यातला एक पाहिला. तो डोळा मिटेना, मीही मिटेना. शेवटी मीच बोंबलत घरी पळाले. "सापाची पिल्लं! दहा-बारा!" होता एकच, तोही चार पायांचा. पण पाय मोजायला मी थांबले कुठे? सासऱ्यांनी त्याच दिवशी बरड पेटवून दिलं. सासूबाई गावभर सांगत सुटल्या, "सुनेची नजर पाहा, घारीची!" मी मान खाली घालून गालात हसायचे. नजर म्हणे!

मग कित्येक वर्षं तिथे एकही दिसला नाही. माझे गुडघे गेले, निंदण सुटलं, राखणीला म्हणून बरडाच्या कडेला पळसाखाली बसू लागले, तेव्हा गवतात एक शेपूट हलली. भाकरीचा चुरा टाकला, तर तोंड लावेना. चुऱ्याला मुंग्या आल्या, त्या मात्र पटापट टिपल्या. ऊन तापलं की बाहेर, ढग आला की गवताच्या बुडाशी. अंडी दगडाखाली, चिंचोक्याहून लहान. शेपूट धरली तर ती तुमच्या हातात ठेवून पसार. मी धरून पाहिली, त्याची अजून लाज वाटते.

यंदा मुलानं जेसीबी आणला.

"बरड काढून टाकतो, माय. साप हायेत तिथं. तूच त पाह्यले होते."

झालं! माझीच कीर्ती जेसीबीवर बसून आली.

"साप नव्हते रे. सरडा होता. बोटाएवढा."

"अन् आजी त सांगे..."

"मी फेकली, तिनं वाढवली."

ड्रायव्हर फिदीफिदी हसला. हसू दे. मी मुलाला दगडावर बसवलं. "चूप बस. हालू नको."

जरा वेळानं एक वर आला, मान उचलून त्याच्याकडे पाहत राहिला. मुलाचीच पापणी आधी लवली.

"ह्याले भिऊन बरड पेटवाले लावलं तुनं?"

"हो. अन् आता ह्याच्यासाठीच आडवी बसली."

तो उठला आणि जेसीबी नाली खोदायला वरच्या अंगाला घेऊन गेला.

शेजारच्या वावरातल्या बाया विचारतात, "एवढी जागा पडीत काहून ठेवली वो?"

"पडीत कुठं? वस्ती हाये," मी सांगते. "अख्ख्या शिवारात फक्त आमच्याकडं."