माशांच्या टाकीचं पाणी

शेजारच्या अण्णांना एका जागी बसवतच नाही. नळाला पाणी आलं की माशांच्या टाकीसाठी बादली भरून जिन्यात उघडी ठेवतात आणि क्लोरीनचा वास गेला का, ते हुंगायला सारखे बाहेर येतात.

"झाकू नका हं आक्का, वास उडू दे," असं माझ्या आईला बजावतात.

गावात कावीळ पसरली, तेव्हा माशांना बाधू नये म्हणून आईनं मायेनं त्या बादलीत क्लोरीनचे थेंब टाकले. दुसऱ्या दिवशी तिनं कौतुकानं सांगितलं तेव्हा अण्णा म्हणाले,

"बरं केलंत आक्का. मासे लई मजेत हायत."

नंतर मी त्यांच्याकडे गेलो, तर टाकी रिकामी. अण्णा खोलीभर येरझाऱ्या घालत होते.

"आक्कांना सांगू नकोस रं," ते म्हणाले.