दारातून परत पाठवलेला बाप

आज राजारामपुरीत पोस्टर चिकटवताना खळीचा आंबूस वास हाताला लागला आणि काही वर्षांपूर्वी अशीच पोस्टरं लावलेला मुरगूडचा हॉल आठवला. फुटबॉलसाठी घराशी भांडणाऱ्या एका मुलीचा सिनेमा आम्ही फिल्म क्लबवाले तिथं शाळा-कॉलेजच्या पोरांना दाखवत होतो. फारसा कुणी न पाहिलेला, पण सुंदर. चांगले सिनेमे कुणी विचारले तर आजही मी तोच आधी सुचवते.

पालकांना प्रवेश नाही, हा नियम माझाच. सिनेमानंतरच्या चर्चेत पोरं मोकळं बोलली पाहिजेत ना!

बारावीतली शुभांगी वडिलांना घेऊन दारात आली. त्यांनी चपला काढल्यासुद्धा होत्या.

"ताई, आप्पांना बसू द्या की. मला खेळू देत न्हाईत, म्हणून तर आणलंय."

"नियम म्हणजे नियम," मी म्हणाले.

आप्पा ओशाळून हसले. "ऱ्हाऊ दे गं. तू लई मागं लागलीतीस, म्हणून आलतो."

त्यांनी चपला घातल्या. शुभांगीही त्यांच्यामागून गेली. पुढं ती मैदानावर कधीच दिसली नाही.

मला तेव्हा स्वतःच्या ठामपणाचा अभिमान वाटला होता. कसला ठामपणा? आत जाऊन मी पोरांना घरी द्यायची पत्रकं वाटली. त्यावरची पहिली ओळ मीच लिहिली होती, "पालकहो, मुलांची स्वप्नं एकदा बघा तरी."