अविवाहित असल्याचा दाखला

माझ्या नणंदेचं जर्मनीला जाणं मी मोडलं. घरात हे अजून कुणाला ठाऊक नाही.

ती माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. मी तिला ताई म्हणते, ती मला वैनी; सासूबाईंना मी मामी म्हणायची. एकोणिसाव्या वर्षी तिला मानवतकडच्या एका गावी दिली होती. सव्वा महिन्यात ती परत आली. का, ते तिनं सांगितलं नाही. चार माणसं बसली, काडीमोड झाली, कोर्टात कुणी गेलं नाही. मग ती नर्सिंग शिकली, गंगाखेडच्या एका दवाखान्यात लागली, आणि राणीसावरगावच्या आमच्या घरात तिचाच शब्द चालू लागला.

माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला माझे वडील मला न्यायला आले होते. तिनं त्यांना दारातूनच सांगितलं, "भाऊ घरी न्हाई. मंग या." ते संध्याकाळपर्यंत बसस्टँडवर बसून परत गेले. मी मागं गोठ्यात होते. मला हे दिवाळीत, आईकडून कळलं. वडील परत कधी आमच्या दारी आले नाहीत.

माझ्या लेकीला डेंग्यू झाला तेव्हा हीच ताई तीन दिवस तिच्या उशाशी बसून होती, हेही सांगितलं पाहिजे. पण मला आठवायचा तो बसस्टँडच.

दवाखान्यात तिच्याबरोबर काम करणारा एक ब्रदर जर्मनीत एका वृद्धाश्रमात नोकरीला गेला. त्याला तिची सगळी हकिकत माहीत होती, तरी त्याला तीच हवी होती. लग्न तिकडंच नोंदवायचं ठरलं, कारण इथं मांडव घातला असता तर कुणीतरी जुनं काढलंच असतं. तिकडं जाऊन लग्न करायचं तर त्याचा वेगळा व्हिसा. त्या व्हिसाला भाषेची परीक्षा, जन्माचा दाखला आणि लग्न झालेलं नसल्याचा दाखला लागे. व्हिसाचं काम बघणारा एजंट म्हणाला, "काडीमोड तिथं कोन मानतंय? कोर्टाच्या निकालाला वरसं जातील. सरळ अविवाहित लिवा." तसं लिहिलं. ताई वर्षभर भाकरी थापता थापता जर्मन शब्द घोकत होती. परीक्षा पास झाली त्या दिवशी तिनं गल्लीत पेढे वाटले.

कागद खरे आहेत का, हे बघायला वकिलातीनं नेमलेला माणूस गावात येतो, हे एजंटनं सांगून ठेवलं होतं. नवऱ्यानं मला बजावलं, "इचारलं तर न्हाई म्हनायचं. बास."

तो आला तेव्हा दुपार होती. ताई ड्यूटीवर, नवरा बाजारात, सासूबाई आतल्या खोलीत निजलेल्या. मी ओसरीवर तूर निवडत होते. त्याच्या फाईलवर ताईचा फोटो होता. पाणी पिऊन तो म्हणाला, "गल्लीत सगळ्यांना विचारलं. पोरीचं लग्न झालेलं नाही म्हणतात. तुम्ही घरच्या, तुम्ही सांगितलं की माझं काम संपलं."

गावानं तिच्यासाठी एका तोंडानं खोटं सांगितलं होतं. आमच्याशी बांधावरून भांडणारा शेजारीसुद्धा खोटं बोलला होता. मी हातातलं सूप खाली ठेवलं.

"झालं व्हतं," मी म्हणाले.

त्यानं पेन थांबवलं. "नक्की?"

मी आत गेले. सासूबाईंच्या खाटेखालची पेटी ओढली, लुगड्यांच्या तळाशी असलेला लग्नातला फोटो काढून त्याच्या हातात दिला. सासरच्या गावाचं नावही सांगितलं. त्यानं मोबाईलवर फोटोचा फोटो घेतला. मी तो परत होता तिथं ठेवला. मला तेव्हा भीती वाटली नाही, वाईटही वाटलं नाही. बरं वाटलं.

दीड महिन्यानं पत्र आलं. ताईनं ते उंबऱ्यात बसून वाचलं. आम्हाला समजावं म्हणून एकेक ओळ मराठीत सांगत गेली. अर्ज नामंजूर. लग्नाची माहिती खोटी दिली. ही गोष्ट घरातल्याच व्यक्तीकडून कळली. तिथं ती थांबली.

"तो मानूस आला त्या दिवशी घरी कोन व्हतं?"

"मी रानात गेलते," मी म्हणाले. "मामी व्हत्या."

सासूबाईंना तेव्हा विसरायला होत होतं. सकाळचं जेवण संध्याकाळी आठवत नसे. त्या ताईकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्याच बोलले असंल माय. माझ्या ध्यानात न्हाई."

शेजारणीनं मला ओसरीवर पाहिलं होतं की नाही, ठाऊक नाही. ती कधी बोलली नाही.

ताईनं रीतसर घटस्फोटासाठी कोर्टात अर्ज टाकला. जर्मनीतला तो ब्रदर सुरुवातीला रोज फोन करायचा, मग फक्त रविवारी. निकाल लागायच्या आधीच त्यानं तिकडच्याच एका नर्सशी लग्न केलं. ताईनं फोन ठेवला, ड्यूटीचे कपडे घातले आणि गंगाखेडला गेली.

आईशी ती चार वर्षं बोलली नाही. औषध द्यायची, अंग पुसायची, केस विंचरायची, तोंडातून शब्द नाही. सासूबाई रोज माफी मागायच्या. आठवत काहीच नव्हतं, पण आपण लेकीचं काहीतरी वाटोळं केलंय, एवढंच डोक्यात घट्ट बसलं होतं. कधी मला विचारायच्या, "म्या काय केलतं गं?" मी म्हणायची, "काय न्हाई मामी, झोपा." सांगायचे कितीतरी दिवस मिळाले मला.

मागच्या उन्हाळ्यात त्या गेल्या. शेवटच्या सकाळी त्यांनी ताईचा हात धरला होता. ताईनं तो सोडवून घेतला आणि सलाईन बघितलं.

तेराव्याची पंगत उठल्यावर ती ताट घेऊन माझ्याजवळ बसली. म्हणाली, "वैनी, या घरात एक तूच माझी हायस." मी तिच्या ताटात भात वाढला. तिला भूक होती, ती जेवली.