चारुलताच्या लॅपटॉपची बिजागरी

चारुलता सांगलीहून जर्मनीतल्या आखनला आली ती धातूंना येणाऱ्या थकव्यावर पीएच.डी. करायला. एकाच जागी पुन्हापुन्हा ताण पडला की धातूला आतून बारीक चीर जाते, ती वाढत जाते आणि एक दिवस तुकडा पडतो; हे कसं घडतं, एवढाच तिचा विषय. "घरात माणसं थकतात, त्यावर कुणी पीएच.डी. करत नाही," असं तिची आई फोनवर म्हणायची.

मुलगी स्वभावानं इतकी गरीब, की बसमध्ये कुणी तिच्या पायावर पाय दिला तर सॉरी हीच म्हणणार. अशा माणसाला जर्मनीत कुणी त्रास देत नाही. त्याचं कामही कुणी करत नाही.

२००५ च्या ऑक्टोबरात तिनं गावातल्या एका मोठ्या दुकानातून लॅपटॉप घेतला. "जर्मन दुकान आहे, डोळे मिटून घे," असं पद्माकरकाकांनी सांगितलं होतं. पद्माकरकाका म्हणजे आखनच्या मराठी मंडळींतले सर्वांत जुने, सॉफ्टवेअरमधले, आणि प्रश्न संपायच्या आत उत्तर देणारे.

नाताळच्या सुमारास स्क्रीन रुसला. झाकण पुढे झुकवलं तर चित्र दिसायचं, सरळ केलं की अंधार. डाव्या बिजागरीतून कर्र असा आवाज यायचा. चारुलतानं काही दिवस मान वाकडी करून काम केलं आणि मग लॅपटॉप दुकानात नेला.

काउंटरवर हेर क्रेमर, म्हणजे क्रेमरसाहेब, होते. अतिशय सभ्य माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, "गारांटी आहे, काळजी नको," म्हणाले, पावती दिली आणि लॅपटॉप दुरुस्तीला पाठवला. जानेवारी संपता संपता तो परत आला. तज्ज्ञांनी पूर्ण विचार करून त्यावर विंडोज नव्यानं टाकलं होतं. चारुलताच्या प्रबंधाचं अख्खं प्रकरण त्यात वाहून गेलं होतं. तिच्याकडे प्रत होती म्हणून निभावलं. बिजागरी मात्र कर्र करत होतीच.

"बिजागरीचा दोष विंडोजनं कसा जाईल?" तिनं विचारलं.

"ते तंत्रज्ञ ठरवतात," हेर क्रेमर म्हणाले. "आपण कोण?"

आपण कोण, हे सांगायची तिला लाज वाटली. लॅपटॉप पुन्हा गेला. या वेळी मदरबोर्ड बदलून आला. एवढा महागडा भाग फुकटात मिळाल्याबद्दल पद्माकरकाकांनी तिचं अभिनंदन केलं.

"अहो काका, पण स्क्रीन दिसत नाही!"

"मग बाहेरून मॉनिटर लाव. लॅपटॉप काय, उघडायलाच पाहिजे असं थोडंच आहे?"

मार्चमध्ये इन्स्टिट्यूटला जाताना बसमध्ये तिनं लॅपटॉप उघडला आणि बिजागरीचा तुकडाच मांडीवर पडला. ती तशीच उतरून दुकानात गेली. हेर क्रेमरनी तुटकी कड पाहिली आणि पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. "तुम्ही लॅपटॉप पाडलात," ते म्हणाले. "ही ग्राहकाची चूक. गारांटी लागू नाही."

चारुलता सॉरी म्हणून, तुकडा उचलून बाहेर आली. पण रस्ता ओलांडता ओलांडता तिच्या डोक्यात संताप चढला. खोटं बोललेलं तिला एक वेळ चाललं असतं. धातू पडून तुटला की थकून तुटला, हे कुणी तिलाच शिकवावं, हे मात्र तिला झेपेना.

तिनं प्राध्यापकांची परवानगी काढली आणि जेवणाच्या सुट्टीत तो तुकडा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली ठेवला. ओहोटीनंतर वाळूवर रेषा उरतात तशा थकव्याच्या रेषा, एकीपुढे एक, स्वच्छ उमटल्या होत्या. पडून तुटलेल्या धातूवर त्या येत नाहीत. प्राध्यापक तर हरखलेच. "किती सुंदर!" म्हणाले आणि दुसऱ्या वर्षाच्या वर्गासाठी त्यांनी फोटो मागून घेतला. आठ पानांचा, आलेखांसहित अहवाल घेऊन चारुलता दुकानात गेली. हेर क्रेमरनी पहिलं पान उलटलं, दुसरं उलटलं, मग तो आदरानं परत केला. "यावर आमचा शिक्का नाही."

शेवटी इन्स्टिट्यूटच्या सेक्रेटरीनं तिला फेरब्राउखरत्सेंट्रालेत, म्हणजे ग्राहकांना सल्ला देणाऱ्या केंद्रात, पाठवलं. तिथे फ्राऊ हेसेलबाख नावाच्या वकीलबाई बसत. चारुलतानं अहवाल पुढे केला.

"हे बाजूला ठेवा," बाई म्हणाल्या. "लॅपटॉप विकला कुणी?"

"दुकानानं."

"दुरुस्तीला कुणाच्या हातात दिलात?"

"दुकानाच्याच. दोन्ही वेळच्या पावत्या आहेत."

"मग गारांटी विसरा. गारांटी ही कंपनीची मेहेरबानी असते. दुकानाची जबाबदारी कायद्यानं वेगळी आहे, ती दोन वर्षं असते. आणि पहिल्या सहा महिन्यांत दोष दिसला, तर वस्तू मुळात चांगली होती, हे त्यांनी सिद्ध करायचं, तुम्ही नाही. दोनदा दुरुस्ती फसली ना? वस्तू परत द्या, पैसे मागा. लेखी आणि मुदत घालून."

"आणि मायक्रोस्कोप?"

"मायक्रोस्कोपचं तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

चारुलतानं घरी येऊन चार ओळींचं पत्र लिहिलं, रजिस्टरनं पाठवलं आणि मुदत संपल्यावर स्वतः दुकानात गेली. हेर क्रेमर खेळीमेळीनं म्हणाले, "तुम्हाला छानसं कूपन देतो. आमच्याकडे काहीही घ्या."

"नको," चारुलता म्हणाली. मागे रांगेत उभी असलेली माणसं ऐकत होती, आणि आपल्यामुळे रांग थांबली आहे, हे कळूनही तिनं सॉरी म्हटलं नाही. "मी व्यवहार रद्द केलाय. पैसे द्या."

"मला वरिष्ठांना विचारावं लागेल."

"विचारा. मी इथेच उभी आहे."

वरिष्ठ आले. त्यांनी पत्र वाचलं, पावत्या पाहिल्या आणि हेर क्रेमरकडे असं पाहिलं, जणू इतके महिने सगळा घोळ त्या एकट्या माणसानंच घातला होता. वापराची थोडी रक्कम कापून घेतली, बाकी पैसे परत केले. माफी कुणी मागितली नाही. आपली चूक झाली असं कुणाला वाटलंच नसेल, तर बिचारे मागणार कशी?

त्या पैशांतून तिनं जर्मनी सोडून निघालेल्या एका तुर्की विद्यार्थ्याकडून जुना, अवजड डेस्कटॉप घेतला. तो घरी आणताना दोन वेळा बस बदलावी लागली आणि एका म्हाताऱ्या बाईंनी तिच्या या ओझ्याबद्दल भर बसमध्ये तक्रार केली. चारुलतानं त्यांना शांतपणे सांगितलं, "माझ्याकडे तिकीट आहे," आणि खिडकीबाहेर बघत राहिली.